खिंडीपुरती वीज

गावातला पेट्रोलपंप बंद पडला, तेव्हा इवाओनं आपल्या डबड्या गाडीचं इंजिन उपटलं आणि भंगारातल्या बॅटऱ्या बसवून ती विजेवर आणली. पळायची झकास! पण त्याची बायको मित्सुए खुबा मोडून खिंडीपलीकडच्या वृद्धाश्रमात पडलेली. तिला कायमची घरी आणायची, तर एका दमात जाऊन-येऊन पुरेल एवढी वीज गाडीत मावेना. आश्रमात गाडी चार्ज करू देत नव्हते. नियम म्हणजे नियम.

तिच्या वजनाचं तांदळाचं पोतं शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधून म्हातारा रंगीत तालीम करायचा. जाताना ठीक. येताना खिंडीच्या शेवटच्या वळणावर गाडी आचके देऊन बसायची. मग शेजारचा गेनजिरो ट्रॅक्टर घेऊन हजर. एकदा त्या बेण्यानं पोत्याला रुमाल बांधून ओठ रंगवले.

"वहिनी, नवरा बदला! हा वाटेतच गळपटतो."

"गप रे, टकल्या."

"अरे, खरंच सांगतो. वहिनीला घेऊन नीघ. बंद पडलास की ओढतो मी."

"बायको घरी येणार ती दोरीला लटकून? अख्खं गाव दात काढील."

इवाओनं मागची सीट काढली, स्टेपनी काढली, रेडिओ काढला, टायर बारीक घातले. तरी खिंड हसतच होती. आता गाडीत काढण्यासारखं उरलं कोण? स्वतः इवाओ! त्यानं भात सोडला. मुळ्याच्या फोडी नि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, पाणी, एवढ्यावर शरद ऋतू काढला. विजार दोरीनं बांधायची वेळ आली, आणि एका सकाळी गाडी पोत्यासकट खिंड चढून पार झाली. म्हातारा वळणावर उतरून नाचला म्हणे.

दुसऱ्याच दिवशी तो आश्रमात पोचला. मित्सुए कोट घालून चाकाच्या खुर्चीत तयार होती.

मुख्य नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, घरी यांना उठवायचं-बसवायचं तुम्हालाच. एकदा करून दाखवा, मग सही करते."

इवाओनं तिच्या काखेत हात घातले. उचललं. अर्ध्यातच त्याचे गुडघे लटपटले आणि दोघं पलंगाच्या कडेला कोसळली. नर्सबाईंनी वेळीच धरलं म्हणून बरं.

"पुन्हा करतो. पाय घसरला," तो धापा टाकत म्हणाला.

मित्सुएनं त्याचं मनगट चाचपलं. नुसतं हाड.

"अहो, जेवत नाही का तुम्ही?"

"तुझ्यासाठीच गं…"

"माझ्यासाठी?" तिनं कोटाची बटणं काढायला घेतली. "नर्सबाई, राहू द्या. हे स्वतःलाच उचलू शकत नाहीत."

मग जेवणाची घंटा झाली आणि मित्सुएची खुर्ची आत गेली.

येताना गाडी खिंड अशी चढली, की जणू सपाट रस्ता. दारात गेनजिरो वाट बघत होता. त्याची नजर रिकाम्या सीटवर गेली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं,

"वीज किती उरली?"

"भरपूर," इवाओ म्हणाला आणि तसाच गाडीत बसून राहिला.