शिवणीवरचं तेल

वजनाला ठेवलेल्या पाट्याखाली बोर्डाचं ठिगळ चिकटतंय की नाही, हे बघायला संचिता पुन्हा परसातल्या मांगरात, सामानाच्या खोपीत गेली. दुपारपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. गोंद वाळेपर्यंत, म्हणजे उद्या सकाळपर्यंत, पाटा हलवायचा नाही, हे तिला तोंडपाठ होतं. पण बसवेल तर शपथ!

उभं राहून वल्हवायचा हा फुगवायचा बोर्ड तिने जुनाच घेतला होता. त्याच्या कडेच्या शिवणीतून हवा जात होती. उद्या सकाळी तारकर्लीच्या खाडीत पर्यटकांना घेऊन तिची पहिली फेरी होती. जलक्रीडा केंद्र चालवणाऱ्या गुरुदासने बजावलं होतं, "उद्या बोर्ड नाय, तर दुसऱ्याक साद घालतंय."

घरी वेगळीच तऱ्हा. आई सुगंधा, जन्म मासेमाराच्या घरात गेलेला. बायलमाणसाने दर्यात जायचं नाही, हे तिचं एकच पालुपद. संचिताने फेरी ठरवली तेव्हापासून आईच्या तोंडाला कुलूप होतं. ते कुलूप संचिताला फुटक्या शिवणीपेक्षा जास्त छळत होतं.

सकाळी तिने शिवण खरवडून स्पिरिटने लख्ख पुसली आणि गोंद आणायला एसटीने कट्टा गावच्या बाजारात गेली. परत आल्या आल्या ठिगळ लावून वर पाटा ठेवला. पुन्हा एकदा पुसायला हवं होतं, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

आता पाटा उचलला तर ठिगळाची कड वर आली होती. बोट लावलं, ते घसरलं. वास घेतला. खोबरेल!

अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"आये, बोर्डाक त्याल कोणी लावल्यान?"

"मी लावलंय, तू गोंद हाडूक गेल्लंस तेव्हा." सुगंधाने चुलीवरची नजर हलवली नाही. "होडी दर्यात लोटूच्या आधी लावतत मा. ती शिवण सुकी दिसली, म्हणान थंय जास्त चोळलंय. फटीतसूनच पाणी भरता."

"पण तू तर माका जाव नको म्हणत होतंस!"

"तू काय माझा ऐकतलंस? जातलंसच. मगे सुकी कशी धाडू?"

संचिताच्या तोंडात तयार असलेलं भांडण तिथेच विरलं. डोळे भरून आले, आणि रागही आला, दोन्ही एकदम. ठिगळ काढून, तेल धुऊन पुन्हा लावायचं म्हणजे गोंद वाळायला उद्याची दुपार उलटणार; सकाळची फेरी हुकलीच. तिने गुरुदासला फोन केला. तो "बरां" म्हणाला आणि फेरी दुसऱ्याला दिली.

आईने सगळं ऐकलं होतं. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"माझ्यामुळे गेली मा गो?"

"पुढची मिळतली."

"मगे तेव्हा लावू नको त्याल?"

संचिता साबणाचं पाणी घेऊन मांगराकडे निघाली होती. ती दारात थांबली.

"लाव. पण पुढच्या टोकाक लाव. शिवणीक नको."