परक्या हाताची वेणी

सुनंदाबाईंनी सासूला आठवडाभर धुळ्याच्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि पिंप्राळ्यातल्या बायकांना तोंडी लावायला विषय मिळाला. खरं तर सोय सरकारनेच काढली होती. आजारी म्हातारं माणूस घरी सांभाळणाऱ्याला थोडा विसावा मिळावा म्हणून त्याला आश्रमात ठेवायचं, खर्च सरकारचा. पण लोकांचं तोंड कोण धरणार?

सासू शेवंताबाई, माहेर-सासर दोन्ही धरणगावकडचं. अर्धांगाने उजवा हात लुळा पडला, जीभ मात्र शाबूत. न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, सगळं सुनंदाबाईच करायच्या. फक्त केसांना हात लावू द्यायची नाही म्हातारी. डाव्या हाताने कसाबसा वाकडा अंबाडा गुंडाळायची आणि वर पदर ओढून घ्यायची.

पहिले दोन दिवस सुनंदाबाई दुपारच्या गाढ झोपल्या, डोक्याला मेंदी लावली. मग घर खायला उठलं. शेवटी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, गच्चीवर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, भरीत केलं आणि डबा घेऊन धुळ्याची एसटी धरली.

खोलीच्या दारातच त्यांचा पाय अडला. म्हातारी खाटेवर बसलेली, पाठीवर छान घट्ट वेणी, तिला लाल रिबीन. मागे आश्रमात काम करणारी नाजमीन हातात फणी घेऊन हसत उभी. सुनंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं आपण हिचं सगळं काढलं आणि केस मात्र या कालच्या पोरीच्या हातात!

"अक्का, भरीत आणलंय," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मी जेवनू. नाजमीननी खावाडं." म्हातारीने सुनेकडे निरखून पाहिलं. "मेंदी लायी का वं? चांगली फुलनी तू. मी नही ते घर हलकं व्हयनं व्हई."

नाजमीन काहीतरी बोलायला गेली, पण म्हातारीने डोळे वटारले तशी गप्प बसली.

तेवढ्यात व्यवस्थापक भूपेंद्रसर आले. "आज्जींना इथं करमलंय. त्यांची इच्छा असेल तर मुदत वाढवून मिळते, खर्च सरकारचाच. काय आज्जी, राहणार?"

सुनंदाबाईंना वाटलं, म्हातारी इथेच रमली तर आपण इतकी वर्षं केलं ते सगळं पाण्यात.

"ऱ्हाईन मी अठेच," शेवंताबाई मेंदीच्या केसांकडे बघतच म्हणाल्या. "सूनले इसावा पाहिजे ना."

मग मात्र सुनंदाबाईंचा बांध फुटला. "राहा! वेणी घालून मिळाली ना मनासारखी! मी काय केसांना विष लावणार होते?"

म्हातारी खाटेची कड नखाने कोरत बसली.

"ती परकी पोर शे," ती हळूच म्हणाली. "आठ दिवसम्हा इसरी जाई. तुन्हापुढे पाठ करीसन, मान खाले घालीसन बसू का मी? तुनी सासू शे मी!"

"आणि आंघोळ घालते तेव्हा?"

"तव्हय मी सामने बसस. तुले चार गोष्टी सुनावता येतस."

नाजमीनने हसू दाबायला ओढणी तोंडात धरली. सुनंदाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी नाजमीनच्या हातातली फणी जवळजवळ हिसकावलीच.

म्हातारीने त्या फणीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने रिबिनीचं टोक ओढलं, वेणी सोडली आणि खाट धरत धरत सुनेकडे पाठ केली. मान खाली घातली.

सुनंदाबाई वेणी घालू लागल्या. एक पेड जरा जास्तच ओढला, मुद्दाम.

"वढू नको. नाजमीननी यानापेक्षा चांगली घालेल व्हती."

"घातली असेल."

भूपेंद्रसर दारात घोटाळत होते. "मग आज्जी, मुदत वाढवू का?"

"कसानी मुदत?" म्हातारी खाली मानेनेच खेकसली. "सुनंदा, वेणी व्हयनी का डबा उघाड. सकायपासून उपाशी शे मी."