वाकडी टाचणी

माणसाने जगातून जाताना मागे काहीतरी खूण ठेवून जावं, असं विचारवंत लोक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. मिलिमीटरची खूण तीन मिलिमीटर लांब होती आणि ती दुसऱ्याच्या अंगात ठेवायची होती.

मिलिमीटर हे त्याचं कारखान्यातलं टोपणनाव. बायकोही आता तेच वापरत असे, फक्त सूर वेगळा. कारखाना डॉक्टरी सामानाचा. अंगात संशयास्पद गाठ दिसली की डॉक्टर सुईने तिचा नमुना काढतात आणि पुढच्या फोटोत ती जागा नेमकी सापडावी म्हणून तिथे धातूचा एक बारीक तुकडा सोडून देतात. गाठी दोन असल्या तर तुकडे दोन आकारांचे. मग एक डॉक्टर पडद्यावर बघून सांगतो, ‘कडीवाली राहू द्या, पंखवाली काढा,’ आणि दुसरा काढतो. म्हणून आकार असा हवा, की तो आत कसाही लोळला तरी बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून एकच नाव यावं. नाहीतर भलतीच गाठ निघायची.

मिलिमीटरने हंस केला होता. दोन वर्षं त्यात जीव ओतला होता. मान, छाती, शेपटीला किंचित मुरड. हंस पास झाला, तर कारखान्याच्या आकारांत पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा एक आकार असणार होता. आजवर तो इतरांच्या आकारांचे कोपरे गोल करत आला होता, आणि कोपरे गोल कोणी केले हे जगात कोणी विचारत नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याने जाड तारेचा, वीतभर हंस घरी आणला आणि दिव्यासमोर धरून भिंतीवर सावली पाडली.

“काय दिसतंय?”

“किटली,” बायको म्हणाली.

त्याने हंस जरा फिरवला.

“आता नळ.”

“आई, तुम्ही सांगा,” मिलिमीटर म्हणाला.

त्याच्या सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी चष्मा सावरला. “बदक.”

“हंस आहे तो.”

“असेल. पण मानेत तेवढी ऐट नाही.”

“उद्या बघणारे डॉक्टर शिकलेले आहेत,” मिलिमीटर जरा तुटकपणे म्हणाला.

“मग शिकलेली माणसं किटलीला काय म्हणतात हो?” सासूबाईंनी मनापासून विचारलं.

परीक्षेत हंसाबरोबर एक बिनकामाचा तुकडाही ठेवावा लागे. डॉक्टर मंडळी दिसेल त्याला नाव ठोकून देत नाहीत ना, हे तपासायला. सकाळी मिलिमीटरने टाकाऊ तुकड्यांच्या डबीत हात घातला. आदल्या दिवशी, घरी ‘किटली’ ऐकण्याच्या आधीच, कुठल्याशा वैतागात त्याने एक तार चिमट्याने मुरगळून टाकली होती, तीच हाती लागली. हंस आणि ती तार माणसाच्या अंगाऐवजी जेलीच्या ठोकळ्यांत बसली, सगळ्या बाजूंनी फोटो निघाले, आणि पाच डॉक्टर पाच अंधाऱ्या खोल्यांत जाऊन बसले.

दुपारी साहेबांनी निकाल वाचला. “हंस. एक जण हंस म्हणतात. एक बदक, एक नळ. एकांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. ते उत्तर आहे की शंका, कळत नाही.”

“किटली कोणी म्हणालं?” मिलिमीटरने विचारलं.

“मोठ्या डॉक्टरीणबाई. तुम्हाला कसं कळलं?”

दोन वर्षं मिलिमीटरच्या डोळ्यांपुढून गेली. फार जागा लागली नाही त्यांना.

“आता हा दुसरा,” साहेब म्हणाले आणि थांबले. “पाचही जणांनी एकच लिहिलंय. वाकडी टाचणी. कुठूनही बघा, वाकडी टाचणी. हे कोणाचं डिझाइन?”

मिलिमीटर म्हणाला, “माझंच.”

“यामागे विचार काय होता?”

“विशेष नव्हता.”

“तेच दिसतंय. म्हणून जमलंय.”

पुढचे कितीतरी महिने एका वैतागाचं माप घेण्यात गेले. कुठे किती वळलंय, कुठे किती दबलंय, याचे नकाशे निघाले. मशीन नव्याने लावलं गेलं. त्यातून सरळ निघालेला माल खराब म्हणून बाजूला टाकत. मिलिमीटर भिंगाखाली एकेक टाचणी बघून हिचा वाकडेपणा कमी, हिचा जास्त, असं ठरवी, आणि संध्याकाळी शीळ घालत घरी येई.

वर्षभराने सासूबाईंच्या छातीत एक गाठ लागली. नमुना काढला, खूण ठेवली. निकाल येईपर्यंत घरात कोणी कोणाला टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजावं. गाठ साधी निघाली. मग सासूबाईंनी फोटो खिडकीशी धरला.

“अगं बाई, टाचणी राहिलीय आत. वाकडी आहे.”

“ती आपलीच आहे, आई,” मिलिमीटर म्हणाला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

“तरीच,” सासूबाई म्हणाल्या, पण पुढे शेजारणीला त्यांनी फोटो दाखवला तेव्हा जावयाचं नाव आधी घेतलं, दुखणं मागून.

जाड तारेचा हंस घरातच आहे. दाराजवळ खिळ्याला लावलाय. त्याच्या मानेला किल्ल्या अडकवतात.