दापोऱ्याचा मध

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी तापीकाठच्या शिवारात करडई मनापासून फुलली आणि दापोऱ्याच्या कौतिकचे दोन्ही घडे माघातच जड झाले. हे घडे म्हणजे त्याच्या आजोबांनी मळ्यातल्या झोपडीच्या मातीच्या भिंतीत आडवे बसवलेले मोठाले रांजण. बाहेरच्या तोंडाला लाकडी झाकण आणि झाकणाला करंगळीएवढं भोक. त्यातून माशांची ये-जा. आतल्या बाजूने रांजणाचं बूड काढून तिथे फळी लावलेली. कौतिक फळी सरकवायचा, गोवरीचा थोडा धूर द्यायचा आणि मधाचं पोळं तेवढं कापून घ्यायचा. अंड्या-पिलांच्या पोळ्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे माशा वर्षानुवर्षं त्याच भिंतीत नांदत होत्या.

हा सगळा मध बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या दत्तात्रय वैद्यांकडे येई. तापाला लोक सरकारी दवाखान्यातून कोयनेल आणत. पण खोकल्याला, पोटाला आणि पोळलेल्या कातडीला वैद्यबुवांचा ओटाच गाठत. बुवांची निम्मी औषधं मधातून द्यायची असत आणि मधाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

त्यांची सून विमल हिला या मधाची किंमत बुवांपेक्षाही जास्त ठाऊक होती. आदल्या हिवाळ्यात चुलीवरून काढ्याचं पातेलं उतरवताना उकळता काढा तिच्या डाव्या हातावर सांडला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. बुवा रोज सकाळी जखम धुऊन तिच्यावर मधाची पट्टी ठेवत. होळीपर्यंत नवी कातडी आली. आता बांगड्या वर सरकल्या तर फिकट गुलाबी डाग दिसे, इतकंच. पण हात वाचला होता. विमल पोळ्या लाटायला बसली की अजूनही कधीकधी मूठ उघडून-मिटून बघे आणि तिच्या मनात दापोऱ्याचा तो न पाहिलेला मळा येई.

आभार मानायचे कसे, हा प्रश्न होता. ओट्यावर पुरुष रोगी बसलेले. तिथे सुनेने जायची रीत नव्हती. पण मधाची चिनी मातीची बरणी या घरची होती. रिकामी झाली की ती दापोऱ्याला जाई आणि भरून परत येई. रिकामं भांडं परत धाडू नये म्हणून कुणीही चिमूटभर साखर टाकतं. विमल मूठभर टाकू लागली, तीही दाणेदार पांढरी. कौतिकच्या घरी गूळसुद्धा सणालाच येतो, हे तिने ऐकलं होतं. वर फडकं बांधून ती बरणी ओट्यावर ठेवून देई. सासूबाई गेल्यापासून कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी कौतिक बरणी घेऊन आला, शिवाय मध उतू चालला होता म्हणून स्वतःच्या घरचं एक मडकंही भरून आला. ओट्यावर चार-पाच रोगी होते. त्यांत खोकल्याने बेजार झालेला लोटू शिंपी नेहमीप्रमाणे पुढे बसलेला.

"काय कौतिक, यंदा माशांनी बोनस दिला का?" लोटूने विचारलं.

"करडईनं दिला, लोटूदादा. माशांनी नुसती हमाली केली."

बुवांनी बरणीचं फडकं सोडलं आणि लांब दांड्याची पळी थेट तळाशी घातली. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात, तळ बघावा, अशी त्यांची सवय. त्यांनी पळीतला मध जिभेवर घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. थंडीत मध गोठतो, त्याचा रवा होतो, हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण तो रवा लोण्यासारखा जिभेवर विरतो. हे दाणे दाताखाली कचकच वाजत होते.

"साखर आहे यात," बुवा म्हणाले.

ओट्यावरच्या माना बरणीकडे वळल्या.

"वैद्यबुवा, माह्या मधात साखर कुठून येईन?" कौतिक म्हणाला. "माशी साखर आणत नाही अन् मी ती विकत घेत नाही."

"मग हे काय आहे? तूच चाख."

कौतिकने चाखलं. त्याच्या दातांखालीही दाणे वाजले. त्याने एक दाणा बोटावर घेऊन निरखला.

"साखरच घालायची होती तर केशरही घालायचं," लोटू म्हणाला. "बासुंदी म्हणून तरी खपली असती."

दोघे-तिघे हसले. बुवा हसले नाहीत. "हा मध मी तान्ह्या लेकरांच्या मायांना देतो, कौतिक. जखमांवर लावतो. उचल तुझं मडकं. आजपासून दापोऱ्याचा मध या घरात नको."

आतल्या दारामागे विमल कडीला हात लावून ऐकत होती. बुवांनी ओट्यावर टाकलेला शब्द मागे घेतल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि इथे बसलेला एकेक माणूस संध्याकाळपर्यंत राजघाटावर, बाजारात हे सांगणार होता: कौतिक साखर घालतो. मग शहरात त्याच्या मधाला कोण हात लावणार?

कौतिक मडकं उचलायला वाकला तशी ती पदर सारखा करून बाहेर आली.

"मामंजी, ती साखर माझी आहे."

बुवांनी मान वर केली. सून ओट्यावर उभी आहे हे समजायला त्यांना एक क्षण लागला. "काय म्हणतेस?"

"बरणी परत धाडताना मी दर खेपेला मूठभर साखर घालते. माझा हात यांच्या मधाने वाचला, म्हणून."

"दर खेपेला? मग आजवर कशी लागली नाही?"

उत्तर कौतिककडून आलं.

"मथुरा काढून घेते ना ती," तो हळूच म्हणाला. मथुराबाई त्याची बायको. "मध तीच गाळते, तीच भरते. आता पोरीच्या बाळंतपनाले रावेरले गेली. या खेपेले मी भरला. झोपडीत अंधार, बरनी उंच. फडकं सोडलं अन् ओतला. आत कोन बघतं?"

"दोघांनी मिळून गोष्ट छान जुळवली," बुवा म्हणाले. पण आवाजातली धार बोथट झाली होती.

"मामंजी, वरचा मध बघा ना," विमल म्हणाली. "साखर तळाशीच असेल."

बुवांनी पळी पुसली आणि वरचा मध घेतला. मग मधला. दोन्ही वेळा त्यांनी दाताखाली चावून पाहिलं. एकही दाणा नव्हता. दाट मधात पाणी इतकं थोडं असतं की साखर त्यात विरत नाही, खाली बसते. लबाडी करणारा माणूस पाक करून घालतो, आणि तो वरपासून खालपर्यंत सारखा मिसळतो. कोरडी साखर बरणीत टाकून वर चोख मध ओतणारा लबाड त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तरी त्यांनी कौतिकच्या मडक्याच्या तळाशीही पळी घातली. तो मध जिभेवरून सरळ घशात उतरला. मागे करडईचा किंचित उग्र वास राहिला.

बुवांनी पळी खाली ठेवली. मग स्वतःच्या शेजारची सतरंजी त्यांनी हाताने झटकली.

"कौतिक, इथे बस. उगाच उभा केला तुला."

त्यांनी खलातलं चूर्ण मडक्यातल्या मधात कालवलं आणि लोटूपुढे धरलं. ओट्याच्या पायरीवरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घे. दापोऱ्याच्या कौतिकचा मध आहे. निर्भेळ आहे, मी सांगतो."

लोटूने बोट चाटून पुसलं. "वैद्यबुवा, खोकला घाईने बरा नका करू."

विमलने कौतिककडे पाहिलं. "माझ्यापायी तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं."

"असू द्या, बाई. तुमची साखर मथुरा नातवांच्या हातावर ठेवते. पोरं म्हनतात, शहराच्या माशांचा मध कोरडा राहतो."

या वेळी बुवाही हसले. मग बरणीकडे पाहून म्हणाले, "ही मात्र औषधाला चालायची नाही."

"औषध नाही म्हणजे पथ्यही नाही," लोटू लगेच म्हणाला.

"सूनबाई, फुलके आहेत का?"

होते. विमल ताट घेऊन आली. बुवांनी तळापर्यंत पळी घालून साखरेसकट मध प्रत्येकाच्या फुलक्यावर वाढला. ओट्यावर थोडा वेळ नुसता दाणे चावल्याचा आवाज येत होता. कुणी हात धोतराला पुसला नाही. सगळ्यांनी बोटं चाटली. सगळ्यात शेवटी बुवांनी कौतिकला वाढलं, दोन पळ्या.

घरचा मध तो विकण्यासाठी राखायचा. फुलक्याबरोबर पोटभर कधी खाल्ला होता, त्याला आठवेना. त्याने सावकाश घास घेतला, डोळे मिटून चावला.

"कसा आहे?" बुवांनी विचारलं.

"चांगला आहे," कौतिक म्हणाला, आणि घास गिळून पुढे म्हणाला, "आमच्या माशा कष्टाळू आहेत, बुवा."