बारक्या लाटा

ॲल्युमिनियमच्या नव्या फेरीबोटीच्या मजबुतीच्या हिशोबातून एइलर्टने बारक्या लाटा पुन्हा वगळल्या होत्या. संगणकावर ते पाहून, हिशोब तपासून सही करणाऱ्या गुन्वोरला चिडायचंही त्राण उरलं नाही. एइलर्ट गोदीचा मुख्य अभियंता, पोलादी बोटी बांधण्यात जन्म काढलेला.

"अगं, बारक्या लाटांनी कधी बोट तडकते का? माझ्या हिशोबाने ती म्हातारी होईस्तोवर टिकते. कर सही."

"पोलाद बारके धक्के माफ करतं, एइलर्ट. ॲल्युमिनियमचा वेल्ड केलेला सांधा एकही विसरत नाही."

"माझ्या बायकोसारखा म्हण की!" तो हसत कॉफी ओतू लागला. ह्या किनाऱ्यावर खोटं असंच चालतं, आवाज न चढवता, कपात कॉफी ओतत. आणि बेटावरची माणसं रोज ये-जा करणार ती ह्याच बोटीतून.

गुन्वोरने लाटा परत घातल्या. संगणकावर सांधे पुन्हा दहा वर्षांतच तडकले. त्याच आकड्याखाली सही करून तिने तो हिशोब थेट सरकारी तपासनीसाला धाडला.

एइलर्टचा हात थांबला. "आता तुला काढावं लागेल, गुन्वोर."

"मला काढ रे बाबा. लाटा काढू नकोस," ती म्हणाली आणि खुर्चीतच डोळे मिटून बसली.