आठावर अडलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर गेज आहे. पितळी अंग, गोल काच, आत काळा काटा आणि गळ्यात हातभर रबरी नळी. टायरमध्ये हवा किती, एवढंच मला कळतं. पण एवढ्याशा कळण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे मला उस्तादांच्या हाती आल्यावर उमगलं.

त्यांनी मला आपल्या टायरच्या दुकानात आणलं, तेव्हा त्यांची लेक रांगत होती. माझा काटा हलला की ती खुदकन हसायची.

आमच्या गावापलीकडे नजर पोहोचेल तिथपर्यंत वाळू आहे. वाळूत टायर मऊ असावा लागतो, म्हणजे तो पसरतो आणि रुतत नाही. पण फार मऊ टायर वळणावर चाकाच्या लोखंडी रिमवरून निसटतो. म्हणून तिकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टायरमध्ये आणखी एक जाड ट्यूब असते. तिला आम्ही 'आतलं कुलूप' म्हणतो. तिच्यात पन्नास पौंड हवा भरली की ती टायरच्या कडा रिमला दाबून धरते. मग टायरमध्ये बारा पौंडच ठेवले तरी काळजी नसते. दोघांचे व्हॉल्व्ह वेगळे. कुलपाच्या व्हॉल्व्हला लाल टोपी.

"आत घट्ट, बाहेर मऊ," उस्ताद म्हणायचे. "देवा, माणसालाही असंच ठेव रे बाबा!"

ड्रायव्हर म्हणायचे, उस्तादांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते ऐकून माझं पितळ उगाचच चकाकायचं.

मग एकदा मी बॉनेटवरून फरशीवर पडलो. काच शाबूत होती. उस्तादांनी मला सदऱ्याला पुसलं आणि खिशात टाकलं. पण आतून मी वाकलो होतो. माझा काटा शून्यावर येईना, आठावरच अडून राहिला. पूर्वी उस्ताद रोज सकाळी मला रिकामा धरून काटा शून्यावर आहे ना, ते पाहायचे. हल्ली विश्वास इतका वाढला होता, की पाहणंच सुटलं होतं. चाळिसाला अठ्ठेचाळीस सांगताना माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. पण गेजला तोंड कुठलं?

उस्तादांची लेक आता औषधांची गाडी चालवते. मी पडलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ती वाळूपलीकडच्या दवाखान्याकडे निघाली होती. चारही चाकांची हवा उस्तादांनी माझ्या मापाने लावून दिली. तिने वाकून पाहिलं.

"बाबा, चाक फारच बसलंय हो."

"बसणारच! वाळूत जायचंय, हमरस्त्यावर मिरवायचं नाहीये."

"रोज एवढं नाही बसत."

"काटा बारा दाखवतोय. तीस वर्षं हवा भरतोय मी. आता तू शिकव मला!"

तिने मला त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"मग हे काय? नळी कशालाच लावलेली नाही, आणि हा आठ म्हणतोय."

उस्तादांनी चष्मा चढवला. माझ्या काचेवर टिचकी मारली. काटा आठावरच.

"म्हणजे टायरला चारच," ते हळूच म्हणाले. "आणि कुलपाला बेचाळीस."

ते तिथल्याच एका टायरवर बसले. लेक शेजारी उकिडवी बसली.

"अहो, मी निघाले कुठंय अजून? भरू परत."

"सकाळी खाणीवरच्या जीपवाल्याला याच मापाने पाठवलंय, पोरी."

"मग फोन करा ना त्याला."

"काय सांगू? सगळ्या ड्रायव्हरांत हसं होईल माझं."

"द्या, मी सांगते."

"नको." त्यांनी फोन स्वतःच कानाला लावला. "कुठं पोचलास? चहाच्या टपरीवर? मग हलूच नकोस. वाळूत गाडी घालू नकोस. माझं माप चुकलंय... नाही रे, तुझ्या टायरचा काही दोष नाही. माझंच चुकलंय. आम्ही येतोय."

लेकीने स्वतःचा गेज काढला. चारही टायर रिकामे केले, आधी कुलपांत पन्नास, मग टायरमध्ये बारा, आणि शेवटी कुलपं पुन्हा तपासली. मग दोघं जीपवाल्याकडे निघाले. मला वाटलं, मी आता भंगारात जाणार. पण उस्तादांनी मला वाटभर मांडीवर धरलं होतं. अंगठ्याने माझी काच पुसत ते एकदाच म्हणाले, "तुला लागलं होतं, आणि मी बघितलंसुद्धा नाही."

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंवर भरवसा जरूर ठेवा, पण रोज एकदा आमच्याकडे पाहतही जा. कामाला लागण्याआधी मला रिकामा धरा आणि काटा बघा. तो शून्यावर नसेल, तर मला खोटारडा म्हणू नका. मला आत कुठेतरी दुखत असेल.