उजव्या दाराची सूचना

त्या काळी बसस्टँडवर लोकांचा घड्याळापेक्षा बाईंवर जास्त भरवसा होता. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस अजून यायचे होते. कुठली गाडी लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर चुकलं, सगळं वरच्या काचेच्या खोलीतून बाई सांगायच्या. त्यांचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नसे. पण बाजारात नुसतं "जुडी केवढ्याला?" विचारलं तरी भाजीवाली मान वर करायची. "अगं बाई, स्टँडवरच्या ना तुम्ही?"

स्टँडवरच्या दोन स्फोटांना आज वर्ष झालं होतं. खालचा हॉल माणसांनी भरला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी साहेबांनी लिहून दिलेल्या चार ओळी वाचायच्या आणि मग दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, असं ठरलं होतं. दहा वाजून पाच झाले होते.

"घोटभर घ्या," साहेब म्हणाले. हे वाहतूक नियंत्रक. मोर्चा असो की मयत, थर्मास काखेतच, म्हणून अख्खा स्टँड त्यांना पाठीमागे थर्मास म्हणायचा. "आणि वाचताना गळा काढू नका हं. तुम्ही सरकारी आवाज आहात."

बाईंनी पेला घेतला नाही.

त्यांची खोली हॉलच्या एका टोकाला, माडीवर होती. काचेखाली गाड्यांच्या वेळांचा मोठा फळा. खालचे प्रवासी फळ्याकडे, म्हणजे बाईंकडे तोंड करून बसायचे. त्यामुळे बाईंचं डावं ते त्यांचं उजवं. साहेब शेजारी बसून आपल्या बाजूने चिठ्ठी लिहायचे, "डावीकडे गाडी लागली," आणि बाई माईकवर "उजवीकडे" म्हणायच्या. एकोणीस वर्षं. त्यासाठी विचार करावा लागत नसे.

त्या दिवशी पहिला स्फोट फलाटावर झाला. काचा फुटल्या, हॉलमध्ये हलकल्लोळ माजला. साहेब बाहेर गेलेले. तेवढ्यात रखवालदार मामांची चिठ्ठी कुणीतरी धावत वर आणून दिली. "लोकांना डाव्या दाराने काढा." बाईंनी वाचली आणि सवयीने माईकवर म्हटलं, "प्रवाशांनी उजव्या दाराने बाहेर पडावं." पण मामा खाली, लोकांच्यातच उभे होते. त्यांचं डावं ते लोकांचंही डावंच होतं. उजव्या दाराशी त्यांना एक बेवारशी पिशवी दिसली होती, म्हणून तर त्यांनी लिहिलं. लोक मात्र बाईंचं ऐकून निमूट उजव्या दाराकडे गेले. तिथेच दुसरा स्फोट झाला. चौदा जण गेले ते गेलेच.

चौकशीत मामा जीव तोडून सांगत होते, मी डावं लिहिलं. बाई म्हणाल्या, चिठ्ठी गर्दीत हरवली, होतं ते वाचलं. एवढं पुरलं. पिशवी पाहिलेला माणूस लोकांना तिकडेच पाठवतो म्हणजे हा स्फोट करणाऱ्यांतलाच, असं गाव बोलायला लागलं. मामा चार महिने कोठडीत काढून सुटले. नोकरी गेली, किराणावाला दारात उभं करेना. बाई पहिल्या दिवशी घाबरून गप्प बसल्या, आणि पुढे पहिल्या दिवशी गप्प बसल्या म्हणून गप्प बसल्या.

"आला बघा," साहेब खिडकीतून रस्त्याकडे पाहत म्हणाले. पलीकडच्या फुटपाथवर मामा उभे होते. धुतलेला शर्ट, हातात काही नाही. "काय धीट माणूस. पोलिसाला सांगून ठेवलंय, आत सोडायचा नाही. लोक फाडून खातील."

"त्यांनी डावंच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

साहेबांचा पेला ओठांशीच थांबला. बाईंनी पर्समधून घडी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली. मग उठून दाराला कडी लावून आले.

"हरवली म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"तुमच्या जबाबावर माझी सही आहे, बाई. सूचना चिठ्ठीबरहुकूम दिली, असा शेरा मी मारलाय. सहा महिन्यांनी रिटायर होतोय मी." त्यांचा आवाज खाली आला. "फाडा हो. माझ्यासमोर फाडा. गेलेली माणसं परत येणारेत का?"

"गेलेल्यांचं नाही बोलत मी. तो बाहेर उभाय ना, त्याचं बोलतेय."

"जेलमध्ये जाल."

"जाईन."

घड्याळात दहा वाजून दहा झाले. बाईंनी बटण दाबलं. "मागच्या वर्षी मी तुम्हाला उजव्या दाराने जायला सांगितलं. ते मला..."

खट्. साहेबांच्या हातात वायर होती.

खाली मात्र भलतंच झालं. आवाज थांबला तो हुंदक्यानेच, आणि दोन मिनिटं सुरू झाली, असं लोकांना वाटलं. शेकडो माना खाली गेल्या.

बाईंनी चिठ्ठी उचलली, कडी काढली आणि जिना उतरल्या. हॉलमध्ये त्यांच्या चपला तेवढ्या वाजत होत्या. पहिल्याच रांगेतल्या एका म्हातारीने डोळे उघडले. तिची सून त्या चौदांमध्ये होती. तिने बाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण माडीवरून उतरली म्हणजे कोण, हे तिने ओळखलं.

"काय सांगत होतीस गं?" ती कुजबुजली.

"चिठ्ठीत डावं होतं, आजी. मी उजवं बोलले."

म्हातारी रांगेतून बाहेर आली. मग म्हणाली, "सून मला डावीकडेच ओढत होती. मीच तिला म्हटलं, अगं, बाई काय सांगतायत ते ऐक. तिला पुढे घातलं." तिने बाईंचं मनगट धरलं. नखं रुतली. "आणि त्या माणसाच्या दारावर मी दगड मारलाय. माझ्या या हाताने."

"मला मारा."

"तुझं नंतर बघते. आधी त्याला बोलाव."

मनगट न सोडता तिने बाईंना दारापर्यंत नेलं. पोलीस आडवा आला. म्हातारीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो बाजूला झाला.

"मामा!" बाईंनी हाक मारली. माईक नव्हता, आवाज चिरकला. "तुम्ही डावंच लिहिलं होतंत. आहे माझ्याकडे चिठ्ठी."

मामा जागचे हलले नाहीत. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता.

"मी काय लिहिलं ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला कशाला सांगताय? त्यांना सांगा. मी इथून ऐकतो."

बाई वळल्या. हॉलमधल्या माना एकेक करून वर येत होत्या. म्हातारीने मनगट सोडलं आणि एक पाऊल मागे सरून तीही लोकांत जाऊन उभी राहिली. आता बाईंच्या शेजारी कुणीच नव्हतं. त्यांनी चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.